शुल्कवाढीला विरोध करायचाय? आधी ठराव मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी रत्नागिरी जिल्ह्यातला. सार्वजनिक विद्यापीठाच्या विभागात पीएच.डी. करतोय, सोबत एम.एस्सी.ची मुलं-मुली आहेत. यंदा शुल्क एकदम वाढलं आणि पावतीत 'विकास' आणि 'सुविधा' अशी दोन नवी नावं आली. अमेरिकेत संशोधक विद्यार्थ्यांच्या युनियन असतात, त्या शुल्काविरुद्ध संप करतात असं वाचलं. ताई, आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तशी युनियन काढावी का? नोंदणी कुठे करायची? आणि मोर्चा कधी काढावा?"

संघटना जरूर काढा. युनियन म्हणून नोंदणी करायच्या भानगडीत पडू नका. मोर्चाची तारीख मात्र सगळ्यात शेवटी ठरवा. मी पूर्वी संशोधक विद्यार्थ्यांच्या संघटनेत काम केलं, आता विद्यापीठांशी संबंधित प्रकरणांत वकिली करते. शुल्कवाढीविरुद्धची आंदोलनं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. घोषणा जोरात असतात, गर्दीही बरी जमते. मग कुलसचिव (रजिस्ट्रार) शांतपणे विचारतात, "तुमचा आक्षेप नेमका कोणत्या ठरावाला आहे?" आणि समोरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तिथेच निम्मं आंदोलन संपतं. शुल्कवाढ हा कुठल्या तरी बैठकीत झालेला ठराव असतो. त्याला तारीख असते, विषय क्रमांक असतो, मंजूर करणारी माणसं असतात. तो कागद हातात नसेल, तर तुम्ही भिंतीशी बोलताय.

आधी अमेरिकेचं बघू, कारण तिथली नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही.

तुम्ही वाचल्यात त्या युनियन विद्यार्थ्यांच्या आहेत, पण विद्यार्थी म्हणून नव्हे, कामगार म्हणून. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन परिसरात १९६६मध्ये टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन निघाली. १९७०मध्ये तिने संप केला आणि विद्यापीठाशी लेखी करार मिळवला. ही माणसं पदवीच्या मुलांचे वर्ग घेतात, प्रात्यक्षिकं चालवतात, उत्तरपत्रिका तपासतात. त्या बदल्यात त्यांना मानधन मिळतं आणि बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क माफ असतं. मेख पुढे आहे. शिकवणी शुल्क माफ करून विद्यापीठ 'इतर शुल्क' वेगळं आकारतं आणि ते दरवर्षी वाढवतं. म्हणजे उजव्या हाताने दिलेलं मानधन डाव्या हाताने परत काढून घ्यायचं. म्हणून तिथे शुल्कवाढ हा सरळ पगारकपातीचा विषय होतो आणि पगाराच्या वाटाघाटीत येतो. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१९मध्ये संशोधक कर्मचाऱ्यांचा संप जवळजवळ तीन आठवडे चालला, त्यात या शुल्कांचा मुद्दा ठळक होता. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी सहा आठवडे संपावर होते. तो प्रामुख्याने मानधनाचा संप होता, पण ताकद कुठून आली ते बघा: सत्राच्या शेवटी गुण भरायला माणूस नव्हता.

तिथेही सगळं आलबेल नाही. सार्वजनिक विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कामगार कायदा लागतो आणि तो राज्यागणिक बदलतो. खाजगी विद्यापीठांतल्या शिकवणाऱ्या संशोधकांना कर्मचारी मानायचा निर्णय राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१६मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात दिला, त्याआधी २००४मध्ये तेच मंडळ नेमकं उलटं म्हणालं होतं. विस्कॉन्सिनमध्ये २०११ साली राज्याने सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटीचे हक्कच छाटले. इंडियाना विद्यापीठात २०२२मध्ये संशोधकांनी मान्यतेसाठी संप केला, विद्यापीठाने मान्यता नाकारली. तेव्हा 'अमेरिकेत जिंकतात' हे अर्धसत्य आहे.

आता आपल्याकडे या. तुमच्या विभागातल्या संशोधकांची अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप, कोण देतं? यूजीसी, सीएसआयआर, बार्टी, सारथी, महाज्योती. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) १ जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार, वरिष्ठ (एसआरएफ) ४२ हजार, आणि तो पैसा विद्यापीठाच्या खिशातून येत नाही. ज्यांना काहीच मिळत नाही ते घरच्यांच्या जिवावर किंवा तासिका तत्त्वावर शिकवून दिवस काढतात. तुम्ही उद्यापासून प्रयोगशाळेत गेला नाहीत तर विद्यापीठाचं काय अडेल? काहीच नाही. अडेल तुमचं आणि तुमच्या मार्गदर्शकांचं. संपाचं हत्यार समोरच्याला लागलं पाहिजे. इथे ते उलटं तुमच्याच हाताला लागेल.

एक अपवाद आहे, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे. छोट्या विभागांत मंजूर पदं रिकामी असतात, म्हणून एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं पीएच.डी.ची मुलं घेतात, परीक्षेला पर्यवेक्षण करतात, नॅक मूल्यांकनाच्या फाइली तयार करतात. सगळं तोंडी, 'जरा बघ रे' म्हणून. यापुढे हे काम लेखी आदेशाशिवाय करू नका असं मी म्हणणार नाही, मार्गदर्शकाशी वैर पत्करणं कुणालाच परवडत नाही. पण वही ठेवा. तारीख, वर्ग, तास. सत्राच्या शेवटी विभागप्रमुखांकडून 'अध्यापन अनुभवाचा दाखला' मागा, तो मागायला कुणी नाही म्हणत नाही. काही वर्षांनी कामाच्या मोबदल्याचा प्रश्न उभा राहील तेव्हा हाच पुरावा असेल, आणि आजही "हे फक्त शुल्क भरणारे ग्राहक आहेत" या सुराला त्याने उत्तर देता येतं.

नोंदणीचं सांगते. १९२६च्या ट्रेड युनियन अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२०ने घेतली. सात जण अर्ज करू शकतात हे खरं, पण २००१च्या दुरुस्तीने आलेली अट संहितेतही आहे: त्या उद्योगातल्या किंवा आस्थापनेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो आकडा सभासद म्हणून दाखवावा लागतो. निबंधकाचा पहिला प्रश्न असेल, तुमचा मालक कोण? नेमणूकपत्र कुठे आहे? तिथेच गाडी अडेल. दुसरा मार्ग १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याचा. तिथेही सात जण लागतात, नोंदणी होतेही. पण महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते. दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. तुमचे अध्यक्ष दोन वर्षांत एम.एस्सी. होऊन पुण्याला नाहीतर गोव्याला औषध कंपनीत जाणार. खजिनदार बँकेची परीक्षा पास होऊन जाणार. मागे राहिलेल्याने कार्यालयाचे खेटे घालायचे. विद्यार्थ्यांच्या किती तरी नोंदणीकृत संस्था अशाच कागदावर पडून आहेत, कारण त्या बंद करायलाही सह्या करणारं कुणी उरलेलं नाही.

त्यापेक्षा साधी समिती करा: पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी समिती, अमुक विभाग. प्रत्येक वर्षातून दोन प्रतिनिधी, त्यातली एक मुलगी, आणि निमंत्रक मात्र पीएच.डी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला. एम.एस्सी.वाला शुल्काचा प्रश्न समजेपर्यंत पास होतो, पीएच.डी.वाला निदान चार-पाच वर्षं तिथेच असतो. बैठकीचं इतिवृत्त लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पैसे गोळा करू नका. झेरॉक्स आणि एसटीचं भाडं आळीपाळीने करा. ज्या दिवशी पावतीपुस्तक छापलं जातं त्या दिवसापासून हिशेबाची भांडणं सुरू होतात, आणि प्रशासनाला एवढंच हवं असतं.

अशा नोंदणीविना समितीला कोण विचारणार, असं वाटेल. त्यासाठी क्युबेकचं उदाहरण घ्या, कॅनडातलं. तिथल्या सरकारने वार्षिक शुल्क पाच वर्षांत २,१६८ डॉलरवरून ३,७९३ डॉलरपर्यंत न्यायचं ठरवलं. २०१२च्या फेब्रुवारीपासून विद्यार्थ्यांनी वर्ग बंद ठेवले. ते पगारदार म्हणून लढत नव्हते, विद्यार्थी म्हणूनच लढत होते. सरकारने मे महिन्यात निदर्शनांवर निर्बंध आणणारा खास कायदा केला, तरी मागे हटले नाहीत. सप्टेंबरात निवडणूक झाली, सरकार बदललं आणि नव्या सरकारने वाढ रद्द केली. तिथे विद्यार्थ्यांच्या संघटनांना कायद्याने मान्यता आहे, ती आपल्याकडे नाही. पण त्यांची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. निर्णय वरच्या नेत्यांनी घेतला नाही. विभागाविभागात सर्वसाधारण सभा होत, आंदोलन चालू ठेवायचं की थांबवायचं यावर मतदान होई, पुन्हा काही दिवसांनी तोच प्रश्न सभेपुढे येई. चाळीस-पन्नास मुलांच्या विभागात ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत होण्यासारखी आहे. 'चौतीस विद्यार्थ्यांच्या सभेत एकतीस विरुद्ध तीन मतांनी ठराव' असा कागद कुलसचिवांच्या टेबलावर गेला, की त्याला घोषणांपेक्षा वजन असतं.

आपल्याकडे निवडून आलेली विद्यार्थी परिषद असती तर हे काम तिने करायचं. महाविद्यालयीन निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, २०१९मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि पुढे ढकलल्या गेल्या. ती वाट बघण्यात अर्थ नाही.

आता मुख्य कामाकडे. शुल्काच्या पावत्या जमवा: या वर्षीची, मागच्या वर्षीची, त्याआधीची. शेजारीशेजारी ठेवून वहीत रकाने पाडा. शिकवणी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा, नोंदणी, ई-सुविधा, विकास, वैद्यकीय, अनामत, वसतिगृह, वेगवेगळे निधी. पीएच.डी.ला वार्षिक शुल्क, प्रबंध सादर करण्याचं शुल्क, मुदतवाढीचं शुल्क वेगळं. बहुतेक वेळा असं दिसतं की शिकवणी शुल्क जवळपास जागेवरच आहे आणि वाढ सगळी 'इतर'मध्ये शिरली आहे. हे योगायोगाने होत नाही. शिकवणी शुल्कावर सगळ्यांचा डोळा असतो, सरकारकडून होणारी शिष्यवृत्तीची परतफेडही मुख्यतः त्याच्याभोवती फिरते. इतर शीर्षांकडे, म्हणजे पावतीवरच्या बाकीच्या शुल्कनावांकडे, कुणी बघत नाही. अनामत रक्कम परत मिळाली का, हेही जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. ती मागायला फार थोडे जातात.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे सगळं एकात कोंबू नका, दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी अर्ज करा. 'शुल्क का वाढवलं?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, तो नेमका तसं लिहूनच अर्ज निकाली काढतो. कागद मागा. शुल्कवाढ मंजूर झाली त्या बैठकीच्या विषयपत्रिकेची, टिपणीची आणि इतिवृत्ताची प्रत. त्या आधी नेमलेल्या समितीचा अहवाल. त्या शीर्षाखाली मागच्या तीन वर्षांत जमा रक्कम आणि खर्च. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला आवर्जून जा, पुष्कळदा कागद तिथेच हातात पडतात. दुसरं अपील माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, पण तिथे तुमची पदवी होईपर्यंत तारीख लागेल की नाही सांगता येत नाही. म्हणून सगळी भिस्त पहिल्या दोन पायऱ्यांवर.

कोणत्या कार्यालयात अर्ज टाकायचा हे विद्यापीठावर अवलंबून आहे, आणि कोकणात इथेच गोंधळ होतो. मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपपरिसर किंवा संलग्न महाविद्यालय असेल तर २०१६चा कायदा लागू, आणि शुल्काचा विषय अखेर मुंबईत व्यवस्थापन परिषदेसमोर जातो. उपपरिसराच्या संचालकांच्या केबिनबाहेर बसून उपयोग नाही, त्यांच्या हातात हप्त्याची सवलत देण्यापलीकडे फारसं काही नसतं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, आणि त्याचंच शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही, १९८३च्या कृषी विद्यापीठ कायद्याखाली येतं. तिथे पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेचाही संबंध येतो. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा आणखी वेगळा. तिन्हीकडची मुलं एकत्र येऊन एकच निवेदन काढतात, ते तिन्ही ठिकाणी 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून परत येतं. एकत्र या, पण निवेदनं तीन लिहा.

वाढ होते कशी, तेही समजून घ्या, नाहीतर समोरच्यांच्या युक्तिवादाला उत्तर देता येणार नाही. राज्याचं अनुदान प्रामुख्याने मंजूर पदांच्या पगारावर जातं. पदं भरली जात नाहीत, म्हणून कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक घ्यायचे, त्यांचं मानधन विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून द्यायचं. नवे अभ्यासक्रम बहुतेक स्वयंअर्थसाहाय्यित, म्हणजे मुलांच्या शुल्कावर चालणारे. रसायनं महागली, उपकरणांच्या दुरुस्तीचं कंत्राट महागलं. विभागप्रमुख वाईट माणूस असतो असं नाही, त्यालाही वर्षाअखेरी मेळ घालायचा असतो. मी तर म्हणेन त्याला आधी भेटा. "सर, प्रयोगशाळा शुल्काचे आमचे पैसे विभागाला किती मिळतात?" एवढंच विचारा. जमा झालेल्या पैशातला मोठा वाटा मध्यवर्ती निधीत राहतो आणि विभागाला मागणी करकरून थोडा मिळतो, हे गाऱ्हाणं तोच तुमच्याजवळ घालील. असा माणूस आंदोलनात येणार नाही, पण टिपणीची प्रत कोणत्या टेबलावर आहे ते सांगेल.

छोट्या विभागांची आणखी एक नाजूक बाजू. कोकणात पदव्युत्तर वर्गांना मुलं मिळवणं हीच अनेक ठिकाणी मारामारी आहे. जागा रिकाम्या राहिल्या तर तुकडी बंद होण्याची भीती असते. शुल्क वाढलं म्हणून गावातली पाच मुलं प्रवेश न घेता गेली, हा मुद्दा नावानिशी (त्यांची परवानगी घेऊन) मांडा. तो विभागाला मोर्चापेक्षा जास्त झोंबतो. पण 'प्रवेशावर बहिष्कार' अशी हाक चुकूनही देऊ नका. वर्ग बंद पडला तर ज्यांच्यासाठी लढताय त्यांनाच मुंबई गाठावी लागेल, आणि पनवेल-वाशीतलं खोलीभाडं कुठल्याही शुल्कवाढीच्या पुढे आहे.

मागण्या कोणत्या क्रमाने मांडायच्या, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. 'शुल्कवाढ पूर्णपणे मागे घ्या' ही मागणी निवेदनात असू द्या, पण चर्चेला बसताना पहिली मागणी ही करा: जे आधीच शिकत आहेत त्यांना जुनेच दर. यात तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. माणूस माहितीपत्रक वाचून, घरचं गणित बसवून प्रवेश घेतो, मधेच नियम बदलणं कोणालाही न्याय्य वाटत नाही, न्यायालयालाही नाही. दिल्लीच्या जेएनयूचं (जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं) उदाहरण आठवा. २०१९च्या ऑक्टोबरात वसतिगृहाची नवी नियमावली आली. एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६००, दोघांच्या खोलीचं १०वरून ३००, वर महिना १,७०० रुपये सेवाशुल्क. विद्यार्थी रस्त्यावर आले. १३ नोव्हेंबरला प्रशासनाने अंशतः माघार घेतली, पण सवलत दिली ती दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. आंदोलन थांबलं नाही. विद्यार्थी संघाचे पदाधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २४ जानेवारी २०२०ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: ज्यांची सत्रनोंदणी राहिली आहे त्यांना जुन्या नियमावलीप्रमाणे, विलंब शुल्काशिवाय नोंदणी करू द्या. रस्त्यावरच्या गर्दीने विषय देशभर नेला, पण मुलांच्या खिशाला प्रत्यक्ष आधार मिळाला तो 'जुन्यांना जुना नियम' या मुद्द्यावर.

दुसरी मागणी हप्त्यांची, आणि ती आपल्या किनाऱ्याला धरून मांडा. शुल्क भरायची मुदत जून-जुलैत येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मिरकरवाडा, हर्णे, नाटे, मालवणच्या घरांत त्या दोन महिन्यांत होड्या शाकारलेल्या आणि हातात दमडी नाही, खलाशी गावाला गेलेले. आंबावाल्यांचं वेगळं. वाशीच्या दलालाकडून शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, यायला जून उजाडतो, आणि तिच्यातून आधी खत-फवारणीची उधारी फेडायची असते. मुंबई-पुण्यात बसून मुदत ठरवणाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याला वाटतं पगार दर महिन्याला होतो. तेव्हा मागा: पहिला हप्ता सप्टेंबरात, दुसरा जानेवारीत, विलंब शुल्क नाही. याला विद्यापीठाचा एक पैसाही जात नाही, फक्त उशिरा येतो, म्हणून ही मागणी मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी हातात पडलं की तुमच्या समितीवर मुलांचा विश्वास बसतो.

तिसरी मागणी नव्या शीर्षांची. 'विकास शुल्क' घेता तर विकास कशाचा, ते दाखवा. खर्चाचा तपशील नसेल तर शीर्षच काढा. एकूण रकमेची टक्केवारी सगळ्यात शेवटी बोला. टक्क्यांवर आधी बोललात की समोरचे 'चाळीसऐवजी पंचवीस करतो' म्हणतील, तुम्ही जिंकल्याच्या आनंदात घरी जाल, आणि ती दोन शीर्षं पावतीवर कायमची बसतील.

आता एक फूट पडण्याची जागा. तुम्हाला सांगितलं जाईल, "मागासवर्गीयांना फ्रीशिप (शुल्कमाफी) आहे, ईबीसीला (आर्थिकदृष्ट्या मागासांना) शाहू महाराज योजनेतून निम्मं शिकवणी शुल्क मिळतं, मुलींना २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत माफी आहे. मग ओरडतंय कोण?" या प्रश्नात थोडं तथ्य आहे, म्हणून तो धोकादायक आहे. उत्तर पावत्यांतच सापडेल. परतफेड होते ती ठरावीक शीर्षांची. नवी 'इतर' शीर्षं त्यात बसतात का, ते महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, मंजुरीपत्रावर पाहा. मुलींची माफी ठरावीक प्रवर्ग आणि आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साधी एम.एस्सी. किंवा एम.ए. करणारी मुलगी त्यात आपोआप येत नाही. आणि परतफेडीला उशीर झाला की आधी भरा, मग मिळतील असं तोंडी सांगितलं जातं. २०१८मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, गुवाहाटी आणि हैदराबाद या चारही परिसरांत विद्यार्थी संपावर गेले ते याच प्रश्नावर: शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मुलांकडून शुल्क मागितलं जाऊ लागलं होतं. तुमच्या समितीत फ्रीशिपवाला, ईबीसीवाला आणि पूर्ण शुल्क भरणारा, तिघेही पहिल्या दिवसापासून असतील याची काळजी घ्या. तिघांच्या पावत्या निवेदनाला एकत्र जोडा.

पक्षांच्या विद्यार्थी संघटनांचं काय? त्या येतीलच. त्यांच्यातल्या काही जणांना विद्यापीठाचं कामकाज खरोखर चांगलं कळतं, त्यांच्याकडून शिका. निवेदन मात्र समितीच्या नावाने, सह्या विद्यार्थ्यांच्या, झेंडा कुणाचाही नाही. एका संघटनेने फोटो काढून पेपरात दिला की दुसरी त्याच दिवशी बाजूला होते, आणि तालुक्याच्या गावात ही भांडणं शुल्कापेक्षा लांब चालतात.

अधिसभा, म्हणजे विद्यापीठाची सिनेट, हा विषय तरुणांना कंटाळवाणा वाटतो. मला तो सगळ्यात हाताशी असलेला वाटतो. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात, पाच खुल्या आणि पाच राखीव. मतदारसंघ मुंबईपासून सिंधुदुर्गपर्यंत सात जिल्ह्यांचा. दरवर्षी या विद्यापीठातून लाखाच्या घरात मुलं पदवीधर होतात, आणि सप्टेंबर २०२४च्या निवडणुकीत मतदार होते साधारण १३ हजार. दहाही जागा युवासेनेच्या एका पॅनेलला गेल्या, २०१८मध्येही तसंच झालं होतं. कोण निवडून आलं हा माझा मुद्दा नाही. एवढ्याशा मतदारयादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या दोन हजार पदवीधरांनी नाव घातलं, तर प्रत्येक पॅनेलला कोकणातला शुल्काचा प्रश्न जाहीरनाम्यात घ्यावा लागेल, हा आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येतो. तिथे सदस्य प्रश्न विचारू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. आपली मुलं जागी होतात ती जुलैत, पावती हातात आल्यावर. तोवर अर्थसंकल्पाला शाई वाळून चार महिने झालेले असतात.

ही यादी आणि विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, हे शंभरदा सांगूनही मुलं गल्लत करतात. विधान परिषदेची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, अर्ज क्रमांक १८ भरावा लागतो आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. तिथला आमदार तारांकित प्रश्न, लक्षवेधी लावू शकतो. त्याला भेटायला जाताना भावना घेऊन जाऊ नका, प्रश्नाचा मसुदा टाइप करून न्या. त्याच्या स्वीय सहायकाचं काम हलकं केलंत तर तो प्रश्न लागतो.

तक्रारीचा औपचारिक रस्ता म्हणजे यूजीसीचे २०२३चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम. माहितीपत्रक प्रवेशाच्या किमान साठ दिवस आधी शुल्कासकट प्रसिद्ध व्हायला हवं, आणि त्यात नसलेलं शुल्क मागणं ही थेट तक्रारीची बाब आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. 'नवी दोन शीर्षं माहितीपत्रकात होती का?' हे आजच तपासा. माहितीपत्रकाची पीडीएफ उतरवून ठेवा, कारण संकेतस्थळावरची फाइल गुपचूप बदलल्याचं मी पाहिलं आहे. ही पायरी केल्याशिवाय उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. न्यायालय आता पूर्वीपेक्षा जवळ आलं आहे. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. आंबा घाट चढून सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. रायगडची मुलं मात्र मुंबईलाच जातील, म्हणजे लोणेऱ्याचा विषय तिकडे. पण शुल्क किती असावं हे न्यायालय ठरवत बसत नाही. ठरवताना प्रक्रिया पाळली का, अधिकार होता का, एवढंच ते प्रामुख्याने बघतं. म्हणून पुन्हा तोच कागद लागतो.

पोलिसांचं थोडक्यात. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर लागू असतात, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी येते. मोर्चा, सभा असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. गोपनीय शाखेचा माणूस फोन करील, त्याच्याशी नीट बोला, त्याला फक्त संख्या आणि वेळ हवी असते. आदल्या दिवशी नोटीस येईल, पूर्वी १४९ची म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची. ती घेतली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. ती इशारा असते. पण ज्यांचं एमपीएससी किंवा पोलीस भरतीचं चाललंय त्यांनी पुढच्या रांगेत उभं राहू नये. चारित्र्य पडताळणीत अडकलेला एक मुलगा पुढच्या दहा जणांना घरी बसवतो. अशांना पावत्यांचे तक्ते करायला द्या, ते काम जास्त गरजेचं आहे.

प्रवेशाच्या वेळी 'आंदोलनात भाग घेणार नाही' असं हमीपत्र भरून दिलं असेल तरी घाबरू नका. निवेदन, माहितीचा अर्ज, तक्रार समिती यातलं काहीच त्याने बंद होत नाही. शिस्तभंगाची नोटीस आलीच तर तोंडी खुलासा करू नका, लेखी उत्तराला मुदत मागा आणि आरोपाचा कागद मागा.

आणि तारखा. गौरी-गणपतीच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवस सोडा. अर्धे विद्यार्थी घरी, कर्मचारी रजेवर, रेल्वेला उभं राहायला जागा नाही, कुलसचिवांची भेट मिळणं दूरच. शिमग्याचंही तेच. व्यवस्थापन परिषदेची बैठक कधी आहे ते सदस्यांपैकी एकाला विचारून घ्या आणि तिच्या साताठ दिवस आधी निवेदन पोचवा, प्रत्येक सदस्याला वेगळी प्रत, स्पीड पोस्टाने. सोबत तीन वर्षांच्या पावत्यांचा एक पानी तक्ता आणि सभेचा ठराव. हे करून बैठकीत विषय आलाच नाही, तर मग मोर्चा काढा. तोही उपपरिसराच्या फाटकावर नको. कोकणकन्येने रात्री निघा, सकाळी मुंबईत फोर्टला विद्यापीठावर, तीस जण पुरे, प्रत्येकाच्या हातात त्या ठरावाची प्रत. निघण्यापूर्वी रत्नागिरीतल्या पत्रकारांना तो एक पानी तक्ता देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही पोचायच्या आत बातमी पोचेल.

माहितीच्या अर्जांचे मसुदे तयार झाले की पाठवा. शब्द दीडशेच्या वर गेले असतील तर मी कापून देईन.